नखावरचा प्रिंटर

पार्लरमध्ये खोबणीत बोट घालायचं, स्क्रीनवरचं फूल निवडायचं, मिनिटाभरात ते नखावर हजर. बघणाऱ्याला वाटतं, काय नवीन निघालंय! पण अमेरिकेत या कल्पनेवर १९९०च्या दशकातच पेटंटं निघाली होती. म्हणजे यंत्राचं वय पंचवीसच्या पुढे गेलं, तरी बहुतेक पार्लरांत अजून एक बाई मान खाली घालून बारीक ब्रशने फुलं काढतेच आहे. असं का, या प्रश्नात माझा अख्खा शनिवार गेला.

सुरुवात सोल्डरिंगपासून. १९७७ साली जपानमध्ये कॅननच्या प्रयोगशाळेत शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला तापलेलं सोल्डरिंग आयर्न चुकून लागलं आणि सुईतून शाईचा थेंब उडाला. इचिरो एन्डो यांनी ते नेमकं हेरलं. उष्णतेने शाईत बुडबुडा होतो आणि तो थेंबाला बाहेर ढकलतो. गंमत म्हणजे अमेरिकेत एचपीचे जॉन व्हॉट जवळपास त्याच सुमारास, स्वतंत्रपणे याच कल्पनेपर्यंत पोचले. १९८४ मध्ये एचपीचा थिंकजेट आला. त्यातली खरी अक्कल अशी, की शाई फेकणारं डोकं कार्ट्रिजमध्येच बसवलेलं. शाई संपली की डोक्यासकट फेकून द्या. नखाच्या प्रिंटरचा पाया मला वाटतं इथेच घातला गेला, कारण आता छोट्या कंपनीला सगळ्यात अवघड भाग बनवायची गरज उरली नाही. तयार कार्ट्रिज घ्या, वर मोटर, कॅमेरा आणि सॉफ्टवेअर बसवा, झालं.

झालं म्हणजे, कागदावर झालं. नखावर भानगडी वेगळ्या. एक तर इंकजेटकडे पांढरी शाई नसते, पांढरा रंग कागदाचा असतो. म्हणून आधी नखाला पांढरा थर द्यायचा. दुसरं, पाण्याची शाई गुळगुळीत पॉलिशवर ठरत नाही, तिचे मणी होतात. म्हणून वर शाई धरून ठेवणारा आणखी एक थर. तिसरं, नख वाकडं असतं. थेंब हवेतून पडतो त्यामुळे मधोमध चित्र छान उठतं, पण कडेला नख खाली वळलं की अंतर वाढतं आणि चित्र फिसकटतं. कॅमेऱ्यातून नखाची कड ओळखायची हा आमच्या धंद्यातला प्रश्न (आणि कातडी नि नख यांचे रंग किती सारखे असतात हे तेव्हाच कळतं). कड थोडी चुकली की शाई बोटावर, मग पुसत बसा. शेवटी वर टॉप कोट, नाहीतर पहिल्या हात धुण्यात फूल वाहून जाईल.

आता थोडा हिशेब. जीन अॅमडाल यांनी १९६७ साली कॉम्प्युटरबद्दल एक साधी गोष्ट दाखवली होती. कामाचा एकच तुकडा कितीही वेगवान केला, तरी बाकीचा तुकडा तेवढाच वेळ खातो. समजा नखांचं काम तासाभराचं आहे आणि त्यात नक्षीची वीस मिनिटं. यंत्राने ती पाचवर आणली. एकूण पंचेचाळीस झाली. वर ते दोन जादा थर, ते वाळवणं, पुसापुशी... उरलं काय? जुना रंग काढणं, नख घासणं, कडेची कातडी सारणं, हे सगळं बाईच करते आहे. यंत्राने तिच्या कामातला सगळ्यात मजेचा भाग तेवढा काढून घेतला!

आणि ही बाई कोण, हाही इतिहासच आहे. १९७५ मध्ये सायगाव पडलं, व्हिएतनामी निर्वासित कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोजवळच्या एका छावणीत आले. हिचकॉकच्या 'द बर्ड्स'ची नायिका टिप्पी हेड्रन तिथे मदतीला जायची. बायकांना तिची नखं फार आवडली, तेव्हा तिने आपल्या मॅनिक्युअरवालीलाच शिकवायला आणलं. अशा वीसेक जणी तयार झाल्या. त्यांच्या मागून नातेवाईक आले, दुकानं वाढली, दर उतरले आणि जी चैन श्रीमंतांची होती ती ऑफिसातल्या क्लार्क बाईच्या आवाक्यात आली. नखाचा प्रिंटर बाजारात आला तेव्हा त्याची स्पर्धा या हातांशी होती. हात स्वस्त होते, जलद होते, खडे चिकटवू शकत होते आणि गिऱ्हाइकाशी गप्पाही मारत होते. प्रिंटरवाल्यांनी तंत्र बरोबर ओळखलं, पण धंदा ओळखला नाही असं माझं मत. स्वस्त हातांमागे रोज दहा-दहा तास पॉलिशचा वास घेणारी माणसं होती हे मात्र विसरू नये. बाईचं काम वाचलं तर मला वाईट वाटलं नसतं. पण वाचलं ते भलतंच.

२०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत क्लॉकवर्क नावाच्या कंपनीने नखं रंगवणारा रोबो लोकांसमोर आणला. संस्थापकांत रेणुका आपटे हे नाव वाचून मी कान टवकारले, आपल्याकडचं आडनाव ना! त्या रोबोने नक्षीचा नादच सोडला होता. तो फक्त एक साधा रंग लावायचा. मात्र नखं घासून, जुना रंग पुसून, स्वच्छ करून यायचं काम गिऱ्हाइकाचं होतं.