गंधक, वाळुंज आणि लोबान : मुरुमांच्या औषधांची कुळकथा

मराठीत आपण 'मुरूम' म्हणतो. रस्त्यावर टाकतात तोही मुरूमच, त्यामुळे वर्गात ज्याच्या चेहऱ्यावर फोड आले त्याची चेष्टा करायला मुलांना वेगळा शब्द शोधावा लागत नाही. पुस्तकी भाषेत 'तारुण्यपीटिका' हा शब्द आहे. उर्दूत 'मुंहासे', म्हणजे तोंडावर येणारे ते. सुश्रुतसंहितेत 'मुखदूषिका' हे नाव येते आणि या फोडांना काटेसावरीच्या काट्यांची उपमा दिलेली आहे. काटेसावरीचे खोड पाहिले असेल त्याला ती उपमा लगेच पटेल.

दुखणे इतके जुने असूनही औषधाची निवड मात्र घाईत होते. नववी-दहावीची मुले मेडिकलवर जातात आणि मैत्रिणीने सांगितलेली किंवा मोबाईलवर पाहिलेली ट्यूब मागतात. घरात मोठे कोणी विचारले तर दोनच मते ऐकू येतात. एक, 'केमिकल लावू नको, तोंड जळेल.' दुसरे, 'जास्त पॉवरचे घे, लवकर गुण येईल.' मी भाषा शिकवतो, औषधे नव्हे. पण ट्यूबवरची नावे भाषेच्या अंगाने शोधत गेलो तेव्हा दिसले की ती आपल्याला वाटतात तितकी परकी नाहीत. प्रत्येकाचे काम वेगळे आहे, आणि ते काम त्याच्या इतिहासातून नीट कळते.

सर्वांत जुना गंधक. हा शब्द मराठीत आणि उर्दूत एकच. अरबीत त्याला 'किब्रीत' म्हणतात. आखातात नोकरी केलेल्या आपल्या कोकणी मंडळींना हा शब्द काडेपेटीसाठी ठाऊक असेल. इब्न सीना (980–1037) यांच्या 'अल-कानून फित-तिब' या ग्रंथात त्वचेच्या विकारांवर गंधक सांगितलेला आहे. युनानी हकीम आणि आयुर्वेदाचे वैद्य या दोघांच्याही कपाटात तो होता. आपल्याकडे वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या आणि दापोलीजवळच्या उन्हवऱ्याच्या गरम झऱ्यांवर त्वचेचे रोगी अजूनही जातात, ते याच गंधकाच्या भरवशावर. गंधक त्वचेचा वरचा थर हळूहळू सोलतो आणि तेलकटपणा कमी करतो. अमेरिकेच्या 1991 च्या नियमांनी चिठ्ठीशिवाय विकायच्या मुरुमांच्या औषधात 3 ते 10 टक्के गंधक चालेल असे ठरवले. औषध सौम्य आहे, पण ताकद बेताची आणि वास कुजक्या अंड्यासारखा, म्हणून तो मागे पडला.

दुसरे नाव सॅलिसिलिक ॲसिड. 'सॅलिक्स' म्हणजे लॅटिनमध्ये विलोचे झाड. उर्दू शायरीतले 'बेद-ए-मजनूं', ज्याच्या फांद्या मजनूच्या केसांसारख्या खाली लोंबतात, ते याच कुळातले. सह्याद्रीच्या ओढ्याकाठी उगवणारा वाळुंजही याचाच भाऊबंद. विलोच्या सालीने ताप आणि दुखणे उतरते हे लोकांना फार पूर्वीपासून माहीत होते. 1828 साली म्युनिकमध्ये बुखनर यांनी सालीतला कडू अर्क वेगळा काढला आणि 1838 साली राफाएले पिरिया यांनी त्यातून हे आम्ल मिळवले. पुढे कोल्बे यांनी ते प्रयोगशाळेत बनवण्याची रीत शोधली आणि 1874 मध्ये ड्रेस्डेनजवळ त्याचा कारखानाच निघाला. हॅम्बुर्गचे त्वचातज्ज्ञ पाउल गेर्सन उना यांनी हे आम्ल त्वचेच्या वरच्या कडक थरावर काय करते याचा अभ्यास केला. मृत पेशींना धरून ठेवणारी पकड ते सैल करते. शिवाय ते तेलात विरघळते, त्यामुळे तेलाने भरलेल्या छिद्रात उतरू शकते. म्हणून नाकावरचे काळे ठिपके आणि कपाळावरचे बारीक पांढरे दाणे यांच्यासाठी ते योग्य. ट्यूबमध्ये किंवा फेसवॉशमध्ये ते 0.5 ते 2 टक्के असते. लाल, पू भरलेल्या फोडांवर मात्र ते एकटे फारसे पुरत नाही.

तिसऱ्या नावाने मला खरा धक्का दिला. बेन्झॉइल पेरॉक्साइड. ऐकायला कारखान्यातले वाटते, आणि आहेही. पण 'बेन्झॉइल'चे मूळ 'लुबान जावी' या अरबी शब्दांत आहे. लुबान म्हणजे आपला लोबान. अरब व्यापारी सुमात्रा बेटाला 'जावा' म्हणत आणि तिथल्या झाडाच्या सुगंधी डिंकाला जावी लोबान. चौदाव्या शतकात तिथे गेलेल्या इब्न बतूतानेही त्याची नोंद केली आहे. हा शब्द युरोपात पोचला तेव्हा तिथल्या लोकांना सुरुवातीचा 'लु' हा आपल्या भाषेतला उपपद प्रत्यय वाटला. त्यांनी तो गाळला आणि 'बान जावी'चे 'बेन्झॉइन' झाले. त्या डिंकापासून मिळाले ते बेन्झॉइक ॲसिड. त्याच घराण्यातल्या एका अणुगटाला 1832 साली व्होलर आणि लीबिग या जर्मन शास्त्रज्ञांनी 'बेन्झॉइल' नाव दिले. दर्ग्यात जळणाऱ्या लोबानाचे नाव असे मुरुमांच्या ट्यूबवर येऊन बसले. गजकर्णावरचे व्हिटफिल्डचे जुने मलम आठवत असेल, तर त्यात लोबानाकडचे बेन्झॉइक ॲसिड 6 टक्के आणि विलोकडचे सॅलिसिलिक ॲसिड 3 टक्के असे दोघे एकत्रच आहेत.

बेन्झॉइल पेरॉक्साइड विसाव्या शतकात पीठ पांढरे करायला वापरले जात असे. त्याचा हा स्वभाव आजही गेलेला नाही. उशीचा अभ्रा, ओढणी, रंगीत टॉवेल यांच्यावर ते लागले की रंग उडतो. त्वचेवर ते ऑक्सिजन सोडते आणि छिद्रात बिनहवेच्या जागी वाढणारे जिवाणू मारते. अँटिबायोटिकला जिवाणू सरावतात, याला सरावत नाहीत. म्हणून लाल आणि पू असलेल्या फोडांसाठी हे पहिले औषध. 'जास्त पॉवर' मागणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी : 1980 च्या दशकातच अभ्यासात दिसून आले की 2.5 टक्क्यांचे औषध 10 टक्क्यांच्या औषधाइतकाच गुण देते आणि जळजळ कमी करते. ट्यूब मात्र थंड जागी ठेवावी आणि मुदत संपली की टाकून द्यावी, कारण उष्णतेत त्याचे विघटन होऊन थोडे बेन्झीन तयार होऊ शकते. 2025 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 95 उत्पादने तपासली. नव्वद टक्क्यांहून अधिक उत्पादनांत बेन्झीन सापडले नाही किंवा अगदी नगण्य होते. उरलेल्यांपैकी काही बाजारातून परत घेतली गेली.

चौथे ॲडापालीन. हे 'अ' जीवनसत्त्वाच्या घराण्यातले. या घराण्याचे ट्रेटिनोइन 1971 साली मुरुमांसाठी मंजूर झाले, त्यामागे फिलाडेल्फियाचे डॉक्टर आल्बर्ट क्लिगमन यांचे काम होते. याच क्लिगमन यांनी 1951 ते 1974 या काळात तिथल्या होम्सबर्ग तुरुंगातील कैद्यांवर त्वचेचे प्रयोग केले. त्यांतले बहुसंख्य कैदी काळे होते. थोड्या डॉलरसाठी त्यांनी पाठ पुढे केली, आणि आपल्यावर काय लावले जात आहे हे अनेकांना नीट सांगितलेही गेले नाही. शहराने 2022 मध्ये त्याची जाहीर माफी मागितली. औषधाचा गुण खरा आहे आणि हा अन्यायही खरा आहे. इतिहास वाचताना दोन्ही जवळ ठेवावे लागतात. ॲडापालीन नंतरचे आणि त्वचेला तुलनेने सोसणारे. अमेरिकेत 1996 मध्ये ते चिठ्ठीवर आले आणि 2016 पासून 0.1 टक्के जेल चिठ्ठीशिवाय मिळू लागले. ते छिद्र तुंबूच देत नाही, म्हणजे मुरूम येण्याआधीच काम करते. गरोदर बाईने मात्र ते वापरू नये.

आता निवड सोपी होते. नुसते काळे-पांढरे दाणे असतील तर सॅलिसिलिक. लाल, पिकलेले फोड असतील तर 2.5 टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड. दोन्ही असतील आणि पुन्हा पुन्हा येत असतील तर ॲडापालीन, पण ते डॉक्टरांना विचारून. एका वेळी एकच औषध सुरू करावे, तेही फक्त फोडावर नव्हे तर त्या सगळ्या भागावर पातळ लावावे. पाच वेळा वजू करणाऱ्याचा चेहरा दिवसभर धुतला जातोच, म्हणून इशाच्या नमाजनंतर, झोपण्यापूर्वी लावणे बरे. दर वजूला साबण लावू नये. गुण दिसायला दोन महिने लागतात, ॲडापालीनला तीनही. सुरुवातीला फोड वाढल्यासारखे वाटतात आणि मुले तिथेच सोडून देतात. खोल, दुखणाऱ्या गाठी किंवा खड्डे पडत असतील, किंवा मुलीची पाळी अनियमित असेल, तर ट्यूब बाजूला ठेवून थेट त्वचेच्या डॉक्टरांकडे जावे.

हे सगळे लिहायचे कारण पाचवी ट्यूब आहे. आपल्या सावळ्या कातडीवर फोड गेला तरी काळा डाग महिनोन् महिने राहतो. त्यात मुलीचे रिश्ते यायला लागले की घरच्यांना मुरुमापेक्षा त्या डागाची घाई होते. मग 'गोरे करणारे' मलम येते. त्यात बहुधा स्टिरॉइड असते. आठवड्यात चेहरा उजळतो, सगळे खूश. काही महिन्यांनी कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, लव वाढते, आणि मलम थांबवताच मुरूम दुप्पट होऊन परत येतात. 2018 मध्ये केंद्र सरकारने नियम बदलून अशी स्टिरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. तरी ती हातोहात फिरतात, आणि दरवर्षी वर्गात असा एखादा चेहरा दिसतो.

मुलांना सुश्रुत, इब्न सीना नाही माहीत झाले तरी चालेल. पण ट्यूबच्या मागची बारीक अक्षरे वाचायला त्यांना शिकवा. तिथे बेटामेथासोन, मोमेटासोन किंवा क्लोबेटासोल यांतले एकही नाव दिसले, तर ती ट्यूब डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय चेहऱ्याला लावायची नाही. मग ती कोणी का आणून दिलेली असेना, आपल्या मावशीने किंवा खालानेही.