तळटीप : पारदर्शक प्लाझ्मा

† ग्रंथकाराचा हा मोघम निर्देश प्रेधिमन कृष्ण काव आणि जॉन डॉसन यांच्या १९७० सालच्या निबंधास उद्देशून असावा. अणूंपासून इलेक्ट्रॉन विलग झालेल्या ज्या वायूस प्लाझ्मा म्हणतात (रक्तातील प्लाझ्म्याशी त्याचे केवळ नामसाम्य), त्यातील इलेक्ट्रॉनांची दाटी एका ठराविक सरहद्दीपलीकडे गेली, म्हणजे प्रकाशास आत शिरण्याची मनाई होऊन तो आरशावरून परतावा तसा परततो; सुमारे एक मायक्रॉन तरंगलांबीच्या लेसरास ही सरहद्द दर घन सेंटिमीटरला एकावर एकवीस शून्ये इतक्या इलेक्ट्रॉनांची. परंतु लेसर इतका प्रखर असला, की त्याच्या प्रभावाने आंदोलित होणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा वेग प्रकाशवेगाच्या निकट जावा, तर सापेक्षतावादानुसार त्यांचे जडत्व वाढते, प्रकाशाच्या त्वरेने हलून त्यास अडविणे त्यांना साधत नाही, आणि ज्या द्वारी मज्जाव होता तेथेच परवाना मिळतो. हे गणित मांडले गेले तेव्हा तेवढ्या तीव्रतेचा लेसर अस्तित्वातच नव्हता, ही गोष्ट आम्हांस विशेष वाटते. १९८५ साली स्ट्रिकलंड व मूरू यांनी प्रकाशस्पंद ताणून, वर्धित करून पुन्हा आवळण्याची युक्ती काढल्यावर तशा लेसराचा मार्ग खुला झाला. काव पुढे गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेचे पहिले संचालक झाले. — संपादक