मावशीच्या आजाराला नाव नव्हतं

मावशी महिन्याला आठ-दहा दिवस बाजूला बसायची. ‘हिच्या अंगावरून फार जातं, कर्माचा उदय!’ एवढं बोलून घर मोकळं व्हायचं. तिचा भाऊ, म्हणजे माझा मामा, दाढ काढल्यावर रक्त थांबेना म्हणून विशीतच गेला. त्याच्या आजाराला नाव मिळालं, हिमोफिलिया. मावशीच्या आजाराला नाही.

ही चूक आमच्याच घरची नव्हे. १८०३ मध्ये फिलाडेल्फियाच्या डॉ. जॉन ऑटो यांनी अशा घराण्यांबद्दल लिहिलं, तेव्हा त्यांनी म्हटलं की रोग पुरुषांना होतो, बायका तो फक्त मुलांना देतात. राणी व्हिक्टोरियाचा मुलगा लिओपोल्ड १८८४ मध्ये घसरून पडला नि गेला. तिच्या लेकी-नातींमार्फत रोग रशिया, स्पेनच्या राजवाड्यांत पोचला. त्या सगळ्या इतिहासात ‘वाहक’, बस्स.

रक्त गोठवणाऱ्या फॅक्टर ८ आणि ९ यांची जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात. मुलाकडे एक्स एकच, तो सदोष तर रोग ठरलेला. मुलीकडे दोन, म्हणून ती सुरक्षित, असा समज. पण १९६१ मध्ये मेरी लायन या विदुषीने उंदरांच्या रंगांवरून मांडलं की मादीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स झोपी जातो. चांगला एक्सच जास्त पेशींत झोपला, की फॅक्टर घसरतो. क्वचित वडील रोगी आणि आई वाहक असेल, तर दोन्ही एक्स सदोष येऊ शकतात. एखादीला जन्मतः एकच एक्स असतो. २०२१ मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय समितीने नवी नावं सुचवली: फॅक्टर ४० टक्क्यांहून कमी असलेली बाई नुसती वाहक नव्हे, तिला हिमोफिलियाच आहे.

गेल्या वर्षी मावशीच्या लेकीची लेक लग्नाची झाली. खेरडीला आमच्या घरी मी तपासणीचा विषय काढला. ‘स्थळं मोडतील गं ताई,’ तिची आई म्हणाली. ‘बाळंतपणात कळण्यापेक्षा आत्ता कळू दे,’ मी म्हटलं. मुंबईत परळला, केईएमच्या आवारात रक्तविकारांची राष्ट्रीय संस्था आहे, तिथे गेलो. फॅक्टर ८ निघाला २८ टक्के. एरवी तो ५० च्या वर असतो.

कर्म मीही मानते. पण आहार, औषध, शास्त्र, अभय ही चार दानंही आपलीच. तो रिपोर्ट आता तिच्या पर्समध्ये असतो. तुमच्या घरात मामा, भाऊ, वडील कुणाला हा रोग असेल, तर दाढ काढण्याआधी, बाळंतपणाआधी लेकीचंही रक्त तपासा.