‘असं मानलं जातं’ : पण मानणारा कुठे गेला?

इतिहासाचं व्याख्यान म्हटलं की राजे यावेत, तह यावेत, निदान एखादा किल्ला तरी यावा अशी अपेक्षा असते. आज यातलं फारसं काही नाही. आज एका वाक्यरचनेचा इतिहास सांगायचा आहे. इंग्रजीत ‘ही इज सेड टू बी’, ‘इट इज बिलीव्हड दॅट’, ‘शी इज कन्सिडर्ड’ अशी वाक्यं आपण रोज वाचतो. मराठी वर्तमानपत्रात त्यांची भावंडं रोज छापून येतात : असं म्हटलं जातं, मानलं जातं, समजलं जातं. एखादी गोष्ट कशी आहे हे न सांगता ती कशी वाटते, कशी गणली जाते हे सांगणारी ही कर्मणी रचना. गंमत अशी की वाटण्याची सगळी गोष्ट या वाक्यात आहे, फक्त ज्याला वाटतं तो माणूस नाही. तो कुठे गेला ते बघू.

हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत तो होता. त्या भाषेत दोन जुळी क्रियापदं होती. एक ‘थेंकान’, म्हणजे विचार करणं. दुसरं ‘थ्युंकान’, म्हणजे वाटणं. या दुसऱ्याचं वाक्य व्हायचं ‘मे थ्युंक्थ’. शब्दाला शब्द ठेवून बघा : ‘मला वाटतं’. ‘मी’ नाही, ‘मला’! म्हणजे शाळेत ‘आय थिंक’ शिकताना ज्या मराठी पोराला ‘मला’चं ‘आय’ का होतं हे कळत नाही, त्याचा प्रश्न अगदी रास्त आहे. जुन्या इंग्रजांनाही तो पडला असता. पुढे या दोन क्रियापदांचे उच्चार एकमेकांत मिसळले आणि ‘थिंक’ एकटंच उरलं. ‘मीथिंक्स’ हे रूप शेक्सपिअरच्या काळापर्यंत तग धरून होतं. आज ते कुणी बोललं तर थट्टेनंच.

दुसरी एक सोय होती ‘मान’ या शब्दाची. ‘मान सेग्थ’ म्हणजे माणूस म्हणतो, लोक म्हणतात. जर्मन भाषेत ‘मान झाग्ट’ आजही चालतं, फ्रेंचमध्ये ‘ऑं दी’ चालतं. इंग्रजीत मात्र हा ‘मान’ झिजत गेला आणि पंधराव्या शतकापर्यंत दिसेनासा झाला. म्हणजे ‘मला वाटतं’ची जुनी वाट बंद, ‘लोक म्हणतात’ची जुनी वाटही बंद. पण माणसं काही वाटायची आणि म्हणायची थांबत नाहीत. मग ही जागा भरली कशानं? बरीचशी कर्मणी प्रयोगानं, आणि त्याला बळ मिळालं लॅटिनचं.

लॅटिनमध्ये ‘दिकितुर’ म्हणजे ‘तो म्हटला जातो’, आणि त्याला जोडून ‘असणे’चं रूप. लॅटिन ग्रंथांची भाषांतरं होत गेली तशी हीच घडण इंग्रजीत रुळली : ‘ही इज सेड टू बी रिच’. ती बाहेरून घट्ट केलेली असल्याच्या खुणा अजून दिसतात. या वाक्याचं कर्तरी रूप करून बघा. ‘दे से हिम टू बी रिच’ असं इंग्रजीत होत नाही. ‘रूमर्ड’ आणि ‘रेप्यूटेड’ यांची तर कर्तरी रूपं आता जवळजवळ उरलीच नाहीत. अफवा पसरवणारा व्याकरणातूनच पसार! आणि ‘आय सॉ हिम एंटर’मध्ये नसलेला ‘टू’ ‘ही वॉज सीन टू एंटर’मध्ये मात्र लागतो. परीक्षेतला अर्धा मार्क आपला तिथेच जातो, पण ते असो.

आता जरा रोमच्या न्यायालयात जाऊ, कारण माझ्या मते या रचनेचा खरा कस तिथे लागतो. लॅटिनमध्ये ‘विदेरे’ म्हणजे पाहणे. त्याचं कर्मणी रूप ‘विदेतुर’, म्हणजे ‘पाहिलं जातं’, म्हणजेच ‘दिसतं, वाटतं’. रोमन न्यायाधीश आरोपीला दोषी ठरवताना ‘यानं हे केलं’ असं म्हणत नसत, ‘यानं हे केलेलं दिसतं’ असं म्हणत. सिसेरोनं याची मुद्दाम दखल घेतली आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : शपथ घेतलेल्या न्यायाधीशांनी स्वतः तपासून ठरवलेली गोष्टसुद्धा ‘घडली’ म्हणून नव्हे तर ‘घडलेली दिसते’ म्हणून जाहीर करावी, अशी पूर्वजांनी काळजी घेतली होती. इथे कर्मणी रूप नम्रतेसाठी आहे. आणि ‘कुणाला दिसतं?’ हा प्रश्न पडत नाही, कारण ज्यांना दिसतं ते शपथ घेऊन समोर बसलेले आहेत.

इंग्रजी कायद्यात जो शब्द मोठा झाला तो ‘डीम्ड’. त्याचं मूळ ‘डूम’ या शब्दाशी जोडलेलं, आणि ‘डूम’चा जुना अर्थ निवाडा. आइल ऑफ मॅन बेटावर न्यायाधीशाला आजही ‘डीमस्टर’ म्हणतात. पण ‘शॅल बी डीम्ड’ हा ‘विदेतुर’सारखा नम्र नाही. तो सांगतो की वस्तुस्थिती काही का असेना, कायद्यापुरतं हे असंच धरलं जाईल.

ही सगळी इंग्रजी एकोणिसाव्या शतकात आपल्याकडे सरकारी कागदावर आली. जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली निघालेले मुंबई इलाख्याचे गॅझेटियर उघडा. जातीजमातींच्या नोंदींत दोन प्रकारची वाक्यं दिसतात. एक, ‘ते सांगतात की ते अमुक ठिकाणाहून आले’. दुसरं, ‘ते अमुक ठिकाणाहून आले असं म्हटलं जातं’. मराठीत वाचताना हा फरक निसटतो, म्हणून सांगतो, तो निसटू देऊ नका. पहिल्यात ती जमात स्वतः बोलते आहे. दुसऱ्यात कोण बोलतंय? शेजारी? पाटील? मामलेदाराचा कारकून? आणि मूळ गावाबद्दल असं लिहिलं तर एक वेळ चालेल. स्वभावाबद्दल लिहिलं की गोष्ट वेगळी होते.

किती वेगळी, ते १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात दिसतं. हा कायदा आधी उत्तर हिंदुस्थानात लागू झाला आणि १९११ च्या कायद्यानं त्याची व्याप्ती देशभर झाली. सोलापुरात याच कायद्याखाली मोठी सेटलमेंट उभी राहिली. त्यात एखादी जमात गुन्हेगार कशी ठरत असे? स्थानिक सरकारला तसं ‘मानायला कारण असेल’ तर. म्हणजे इथे मानणारा चक्क वाक्यात आहे, कारण सही कुणीतरी करावी लागते. पण १८७१ च्या कायद्यात पुढेच तरतूद होती की अशी अधिसूचना निघाली की तिच्या वैधतेवर कोर्टात प्रश्न काढता येणार नाही. रोमन न्यायाधीशाचं ‘दिसतं’ आणि हे ‘मानायला कारण आहे’ शेजारी ठेवून पाहा. तिथे एका माणसाच्या एका कृत्याचा निवाडा होता. इथे जन्माला आलेलं मूलही त्यात धरलेलं. आणि ‘मानायला कारण’ हे कारण पुरवायला कोण, तर हीच ‘म्हटलं जातं’ची दफ्तरं. हा कायदा रद्द झाला १९५२ साली, ३१ ऑगस्टला. म्हणून आज ‘विमुक्त’ हा शब्द आहे.

इथे कुणी म्हणेल, तरी बरं, कर्मणी प्रयोग हे इंग्रजांचं खूळ आहे, अस्सल मराठीत ते नाही. हे मला पटत नाही. ‘रामाकडून रावण मारला गेला’ छापाचा नवकर्मणी इंग्रजीच्या वळणावर गेला, हे व्याकरणकार सांगतातच. पण आपलं ‘दिसतं’ कुठून आलं? संस्कृत ‘दृश्यते’, म्हणजे ‘पाहिलं जातं’. अगदी ‘विदेतुर’चा सख्खा भाऊ. ‘म्हणजे’ हा शब्द ‘म्हणिजे’ या जुन्या कर्मणी रूपातून आला. ‘पाहिजे’ तर ‘पाहणे’चंच जुनं कर्मणी. सकाळी ‘चहा पाहिजे’ म्हणताना आपण ज्ञानेश्वरांच्या काळातला कर्मणी वापरत असतो, आणि तिथे ‘मला’ शाबूत असतो : ‘मला चहा पाहिजे’, ‘मला दिसतं’, ‘मला वाटतं’. शिवाय ऐकीव गोष्टीसाठी आपल्याकडे नुसतं ‘म्हणे’ आहे. ‘तो श्रीमंत आहे म्हणे’. एवढ्याशा ‘म्हणे’त आपण हात वर करून मोकळे होतो, पण निदान हात वर केलेले दिसतात तरी. ‘तो श्रीमंत असल्याचे मानले जाते’मध्ये ते खिशात असतात.

गॅझेटियरच्या मराठी भाषांतरांबद्दल पुष्कळ प्रश्न येतील याची कल्पना आहे. ते आता विचारा, मी इथे थांबतो.