एका घराची दोन दप्तरे

अकोला-अमरावतीकडच्या अनेक मुस्लिम घरांत भावंडांची दप्तरे निरनिराळी असतात. भाईजान मराठी शाळेत, आपा मोहल्ल्यातल्या उर्दू शाळेत आणि अलीकडे धाकटा इंग्रजी शाळेत. बाहेरचे लोक याला आमचा गोंधळ समजतात. वास्तविक यामागे दीडशे वर्षांचा हिशोब आहे.

१८५३ साली वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे गेला. निजामाच्या दरबाराची भाषा फारसी होती. इंग्रजी अमलात वऱ्हाडच्या कचेऱ्यांत मराठी स्थिरावली. नोकरीची व जमिनीच्या कागदांची भाषा एक आणि घराची, दीनी तालमीची भाषा दुसरी, अशी विभागणी झाली. १८८२ च्या हंटर आयोगाने मुसलमानांच्या शाळांत हिंदुस्थानी हे मुख्य माध्यम असावे, मात्र स्थानिक समाजाला दुसरी भाषा हवी असेल तेथे ती ठेवावी, अशी शिफारस केली. सरकारी कामकाजाची भाषा ऐच्छिक विषय म्हणून शिकवावी, असेही सुचवले. ज्या भाषेवर रोजीरोटी अवलंबून, तीच ऐच्छिक! मेख येथेच होती.

पुढे राजकारणाने भर घातली. १९३७ नंतर मध्यप्रांत-वऱ्हाडात रविशंकर शुक्ल यांची ‘विद्यामंदिर’ योजना आली. खेड्यापाड्यांत शाळा काढण्याचा हेतू चांगला होता. पण ‘मंदिर’ या नावावरून मुस्लिम समाजात मोठी नाराजी पसरली. शाळा निवडणे म्हणजे ओळख निवडणे, असे वाटू लागले. त्याच काळात दुसरे दारही उघडत होते. डॉ. पंजाबराव देशमुख यांनी १९३२ साली अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन केली आणि तिच्या शाळा वऱ्हाडभर पसरल्या. खेड्यातला शेतकरी कुणबी असो की मुसलमान, मुलाला हायस्कूलला घालायचे तर बहुधा मराठी शाळाच गाठावी लागे.

१९५६ साली विदर्भ हिंदी-मराठी अशा दोन राजभाषांच्या मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला. १९६० साली महाराष्ट्र झाला. मराठीवाचून सरकारी नोकरी कठीण झाली. त्याच १९५६ साली घटनेत ३५०-क हे कलम आले आणि भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करावी, असे राज्यांना सांगण्यात आले. दोन्ही वाटा खुल्या होत्या, पण एका मुलाला दोन्हींवरून चालता येत नव्हते. मग अब्बांनी मुलेच वाटून दिली. थोरल्याला तहसील आणि कपाशीचा बाजार सांभाळायचा, म्हणून मराठी. मुलीला उर्दू, कारण शाळा मोहल्ल्यात, शिकवायला बाई, आणि डी.एड. केले तर तशाच शाळेत नोकरीची आशा.

१९७० साली मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन करणारे हमीद दलवाई मुसलमानांनी प्रादेशिक भाषेतून शिकावे, असा आग्रह धरत. त्यात तथ्य होते. पण उर्दू शाळा नसती तर आमच्या कित्येक बहिणींचे शिक्षण चौथीपर्यंतही गेले नसते, हेही तितकेच खरे.

या वाटणीची किंमत घरातच मोजावी लागली. भावाला उर्दू बोलता येते, पण वाचता येत नाही. बहिणीला मराठी कळते, पण मराठी पुस्तक जड जाते. अम्मीच्या संदुकीतली उर्दू पत्रे मुलगा वाचू शकत नाही आणि त्याने मराठीत लिहिलेला लेख आपाला वाचून दाखवावा लागतो. एका दस्तरखानावर जेवणारी भावंडे एकमेकांच्या पुस्तकांना पारखी झाली. आम्ही मुस्लिम मराठी साहित्याच्या गोष्टी करतो तेव्हा आमची निम्मी बिरादरी वाचकांत नसते, याचा विचार फारसा होत नाही.

बालभारती मराठी आणि उर्दू या दोन्ही माध्यमांची पाठ्यपुस्तके काढते. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व शाळांत मराठी सक्तीची केली. पण सक्तीने तास मिळतो, भाषा मिळतेच असे नाही. उर्दू शाळेत मराठी शिकवायला मराठीत मुरलेला शिक्षक हवा आणि मराठी शाळेत जाणाऱ्या आमच्या मुलांना उर्दू लिपी शिकवण्याची सोय मोहल्ल्यात हवी. पहिली मागणी शासनाकडे करायची आहे. दुसरीसाठी कोणाकडे हात पसरण्याची गरज नाही. मशिदीशेजारची एक खोली आणि संध्याकाळचा एक तास पुरेसा आहे.