सर्जा आणि गिधाड

शेवगावच्या आमच्या वस्तीपलीकडं, ओढ्याच्या अंगाला, मेलेली ढोरं टाकायची जागा होती. बहात्तरच्या दुष्काळात तिथं गिधाडांना बसायला जागा पुरत नव्हती, असं अण्णा सांगायचे. माझ्या लहानपणीही सकाळी टाकलेल्या बैलाचा सांजेला नुसता सांगाडा उरायचा.

१९९८ च्या उन्हाळ्यात विजेच्या तारेला थटून एक गिधाड आमच्या बांधाशी पडलं. पाठीवर पांढरा पट्टा, मान उघडी, एक पंख लोंबत होता. अण्णांनी गोणपाट टाकून उचललं तर ते त्यांच्या धोतरावर भडाभडा ओकलं. घाबरलं की गिधाड असंच करतं, हे मला पुष्कळ नंतर कळलं. धोतराचा वास मात्र जाता जाईना.

आजी करवादली, "गिधाड घरात आणू नये रं, घर उजाड होतं."

"आई, आपली एवढी ढोरं ज्यानं निस्तरली, त्याला कुत्र्याच्या तोंडी देऊ व्हय?"

असा पक्षी घरी ठेवू नये, वनखात्याला कळवावं, हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं! धडप्यानं पंख अंगाशी बांधला, गोठ्यात कोपरा दिला. खाटकाकडून आतडी आणायचं काम माझं. मी तेव्हा दहावीत होतो. पोरं मला लांबूनच हाक मारायची. महिनाभरानं धडपा सोडला. त्यानं दोन्ही पंख पसरले तेव्हा गोठा अपुरा पडला, वासरं दावी तोडायला लागली.

त्याच दिवसांत आमचा सर्जा आजारला. पाय सुजले, ताप उतरेना. डॉक्टरांनी तीन दिवस सुया टोचल्या, पण बैल गेला. त्याला माळावर नेला तेव्हा अण्णा म्हणाले, "ह्यालाबी घ्या संगं. आपल्या जातभाईंत जेवू दे."

ते थव्यात घुसलं, पोटभर खाल्लं, आणि सांजेला धडपडत का होईना, लिंबावर जाऊन बसलं. अण्णा हसत घरी आले.

चौथ्या दिवशी ते लिंबाखाली मरून पडलं होतं. आणखी दोन वर फांदीवर माना टाकून बसलेली.

२००४ मध्ये पेपरात वाचलं. जनावरांना सूज-दुखीवर देतात ते डायक्लोफेनॅक मेलेल्या ढोराच्या मांसात राहतं. ते खाल्लं की गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होतात. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. तोवर उशीर झाला होता. देशात १९९२ ला पांढऱ्या पाठीची हजार गिधाडं होती तिथं २००७ पर्यंत एक उरलं. डॉक्टरांचाही दोष नाही. तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं.

सर्जाच्या औषधाची चिठ्ठी अण्णांनी जुन्या पंचांगात ठेवली होती. काढून पाहिली. नाव तेच.

मी गप्प राहिलो. पुढं एकदा, माळावर नुसती कुत्री बघून अण्णांनीच विचारलं, "गिधाडं गेली कुठं रं?" मग सांगितलं.

बराच वेळ ते सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे आपणच वाढलं की त्याला."