सावडीच्या पलीकडे



आपल्या कोळवणकडे भाताची लावणी सावडीनं होत आली. आज मी तुझ्या खाचरात, उद्या तू माझ्या. सावडीला हिशेब असतो, आणि तो असावाच. पण काही उपकार करणाऱ्याकडे परत येत नाहीत. ते पुढे तिसऱ्याच्याच दारी पोचतात. अशाच एका उपकाराची हकिगत आज सांगते.

साल १८६३. विधवेच्या पुनर्विवाहाला कायद्यानं १८५६ मध्येच परवानगी दिली होती, पण समाजानं दिली नव्हती. एखादीला फसवलं, दिवस गेले, तर ती बाळाचा जीव घेई, नाहीतर स्वतःचा. अशा बायकांसाठी जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. तिथं गुपचूप येऊन बाळंत व्हावं; मूल न्यायचं की ठेवायचं, ते आईनं ठरवावं.

अशाच एका विधवेचा, काशीबाईंचा मुलगा फुले दांपत्यानं १८७४ मध्ये दत्तक घेतला. तो यशवंत. १८९० मध्ये जोतीराव वारले, तेव्हा टिटवं धरण्याचा त्याचा हक्क भाऊबंदांनी नाकारला. सावित्रीबाई पुढे झाल्या आणि त्यांनी स्वतःच टिटवं धरलं. त्या काळी बाईनं असं करणं म्हणजे केवढं धाडस!

यशवंत शिकून डॉक्टर झाला. पुण्यात प्लेग आला, लोक गाव सोडून पळू लागले, तेव्हा या मायलेकांनी हडपसरजवळ ससाणे माळावर रुग्णांसाठी दवाखाना उघडला. मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तीतला पांडुरंग गायकवाड हा मुलगा आजारी असल्याचं कळताच सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेतलं आणि दवाखान्यात आणलं. मुलगा वाचला, असं सांगतात. सावित्रीबाईंना मात्र प्लेगनं गाठलं. १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

सावडीच्या हिशेबानं पाहिलं, तर त्यांच्या पदरात काय पडलं? काहीच नाही. पण एका बाईला आसरा मिळाला, म्हणून एक मूल जगलं. ते मूल डॉक्टर झालं आणि प्लेगच्या दिवसांत परक्यांच्या लेकरांच्या उपयोगी पडलं. १८६३ मध्ये दार उघडताना हे कुणाला ठाऊक होतं?

आपल्याही वाडीत एखादी अशी असेल, जिच्या दाराशी कुणी थांबत नाही. तिच्याकडे जाऊन या. परतफेडीचं तिच्याशी बोलू नका. ती कुठं व्हायची तिथं होईल.